दुचाकीवर टेक्स्चर कोटिंग मारताय? या चुका टाळा

टेक्स्चर कोटिंग, म्हणजे हाताला दाणेदार लागणारा जाड रंगाचा थर, सगळं झाकून टाकतं, हे ऐकूनच बरेच जण स्प्रे कॅन हातात घेतात. बारीक ओरखडे झाकले जातात, खरंय. पण पॉलिशचा थर, चेनच्या वंगणाचे शिंतोडे, सुटत आलेला जुना रंग हे आतच राहतं आणि काही महिन्यांनी वरचं कोटिंग उचलून देतं. नख लावताच साइड पॅनलवरून अखंड पापुद्रा निघाला, तर चूक बहुधा स्प्रे मारायच्या आधीच झालेली असते.

माझीही झाली होती. मडगार्ड मी आधी घासलं, मग पुसलं. क्रम उलटा हवा. साबणाने धुवायचं, वाळवायचं, ग्रीस काढणाऱ्या सॉल्व्हंटने पुसायचं आणि मगच सँडपेपर मारायचा. नाहीतर पेपर पॉलिशचं मेण घासून चरांत बसवतो. शेवटी धूळ काढायला पुन्हा एकदा पुसायचं. चकचकीत रंगासाठी ८००-१००० नंबरचा बारीक पेपर वापरायची सवय असलेले इथे फसतात. जाड कोटिंगला पकड मिळायला १८० ते ३२० नंबरच्या पेपरचे चर लागतात. कडा आणि खाचांतलीही चमक गेली पाहिजे, कारण पापुद्रे तिथूनच सुटतात.

प्लास्टिकचं पॅनल उलटं करून मागचा शिक्का वाचा, त्यावर प्लास्टिकचा प्रकार लिहिलेला असतो. एबीएस (ABS) असेल तर घासून प्रायमर (रंगाआधीचा थर) पुरतो, फक्त कडक थिनरने पुसू नका, प्लास्टिक मऊ पडतं किंवा तडकतं. पीपी (PP, म्हणजे पॉलिप्रोपिलीन) असेल तर आधी अॅडहेजन प्रमोटर, म्हणजे रंगाला पकड देणारा थर, हवाच. त्याच्याशिवाय कितीही घासलं तरी कोटिंग टिकत नाही.

आता दाणा. एका पॅनलवर बारीक, दुसऱ्यावर जाड, ही तक्रार फार ऐकू येते. कॅन जवळ धरला की थर ओला होऊन ओघळतो, लांब धरला की कण हवेतच सुकतात आणि हात फिरवला की भुकटी निघते. स्प्रे गनने मारत असाल तर हवेचा दाब वाढवल्यावर दाणा बारीक होतो, कमी केल्यावर जाड. पुठ्ठ्यावर सराव करा आणि सगळी पॅनल्स एकाच बैठकीत मारा. गार पडलेला कॅन कोमट पाण्यात ठेवा. शेगडीजवळ अजिबात नाही, तो फुटतो.

ओघळ आला तर बोट लावू नका. पूर्ण सुकू द्या, उंचवटा घासा आणि वरून हलका हात मारा. माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडले तर ते खाली राहिलेल्या सिलिकॉनमुळे. वर आणखी कोट चढवून बुजत नाहीत. सुकवून, घासून, पुसून पुन्हा सुरुवात. रंग पांढुरका पडला तर हवेत ओल जास्त होती.

मास्किंग टेप कोटिंग कडक व्हायच्या आत काढा, नाहीतर कड फाटते. उशीर झालाच तर आधी ब्लेडने रेघ मारा. बोल्टची भोकं आणि खाचेत बसणारे खुंटे झाकायला विसरू नका, जाड थरामुळे पॅनल परत बसतच नाही. रिफ्लेक्टर, फोर्कच्या नळ्या, इंजिनचे फिन्स आणि चॅसिस नंबर यांवर थेंबही नको.

टाकीचं वेगळं आहे. सोलून काढता येणारं रबरी कोटिंग पेट्रोलने मऊ पडतं, त्यामुळे झाकणाभोवती ते लवकरच खराब होतं. तिथे हार्डनर मिसळायचं दोन घटकांचं कोटिंग बरं. टाकीच्या बाजूंवर दाणा बारीकच ठेवा, जाड दाणा गुडघ्याशी पॅन्ट खातो. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते. ठिणगी उडवणारं ग्राइंडर तिच्याजवळ नको.

त्या हार्डनरमध्ये सहसा आयसोसायनेट असतं. फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा जडू शकतो, आणि वास येत नाही म्हणून धोका नाही असं समजू नका. कागदी मास्क इथे निरुपयोगी. बाहेरून शुद्ध हवा पुरवणाऱ्या मास्कची सोय नसेल तर हे काम पेंटरकडे द्या. मी दिलं.

हाताला सुकं लागलं म्हणजे पक्कं झालं असं नाही. डब्यावर लिहिलेले दिवस होईपर्यंत पाण्याचा जोरदार फवारा मारू नका. नंतरही मेण लावू नका, दाण्यांत पांढरं अडकून बसतं. मऊ ब्रश आणि साबणाचं पाणी पुरतं.