‘इनिक्विटी’ हा शब्द कुठे वापरायचा

साताऱ्यात मी दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. परवा एकीने निबंधात लिहिलं, वडापाव महागला ही ‘इनिक्विटी’ आहे. मी तो शब्द खोडला. महागाईची चीड मला कळते, पण हा शब्द त्याहून फार जड आहे.

ज्या अन्यायात पाप असतं, तिथेच तो लिहा. उदाहरण आपल्या गावातलंच घ्या. १९०० साली बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. वर्गात त्यांना गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळं बसावं लागे. नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, नाहीतर तहानलेलंच राहायचं. लहान लेकराला तहानलेलं ठेवणं, ही इनिक्विटी. हे शिकवताना आजही माझा आवाज जड होतो.

उच्चारताना जोर ‘नि’वर द्या. विशेषण ‘इनिक्विटस’, म्हणजे घोर अन्यायी: इनिक्विटस कायदा, इनिक्विटस प्रथा. ‘डेन ऑफ इनिक्विटी’ म्हणजे पापाचा अड्डा.

मुलं सर्वांत जास्त चुकतात ती ‘इनेक्विटी’शी गल्लत करून. स्पेलिंगमध्ये तिसरं अक्षर तेवढं बदलतं, ‘आय’च्या जागी ‘ई’. दोन्ही शब्द लॅटिनमधल्या ‘समान’ या अर्थाच्या शब्दावरून आले, पण वाटा वेगळ्या झाल्या. खालच्या आळीला रोज पाणी आणि वरच्या वस्तीला दोन दिवसांआड, ही इनेक्विटी, वाटपातला पक्षपात. वरच्या वस्तीची जात बघून कुणी मुद्दाम पाणी तोडलं, तर मात्र बेधडक इनिक्विटी लिहा.