बंद झालेल्या राइडचा इतिहास कसा लिहावा

थीम पार्कमधील एखादी लाडकी राइड बंद झाली की तिच्याविषयी हळहळ आणि ऐकीव माहिती या दोन्ही गोष्टी सारख्याच वेगाने वाढू लागतात. काही वर्षांतच खरे काय होते आणि कोणी काय रचून सांगितले हे वेगळे करणे अवघड होऊन बसते. अशा राइडचा भरवशाचा वृत्तान्त ज्याला लिहायचा आहे, त्याने आठवणी गोळा करण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर कागदावर मांडावे: नेमके काय बंद झाले?

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. फ्लोरिडातील ‘मॅजिक किंग्डम’ या डिस्नीच्या पार्कमधली ‘मिस्टर टोड्स वाइल्ड राइड’ ७ सप्टेंबर १९९८ रोजी संपली, परंतु कॅलिफोर्नियातील डिस्नीलँडमध्ये १९५५ पासून असलेली त्याच नावाची राइड आजही चालू आहे. फ्लोरिडातल्याच ‘एपकॉट’ या डिस्नीच्या दुसऱ्या पार्कच्या नॉर्वे विभागातील ‘मेलस्ट्रॉम’ ऑक्टोबर २०१४ मध्ये बंद झाली. तिचा जलमार्ग आणि तिच्या होड्या मात्र २०१६ मध्ये ‘फ्रोझन एव्हर आफ्टर’ या नव्या राइडसाठी वापरात आल्या, म्हणजे तिथे यंत्रणा टिकली आणि कथा गेली. न्यू ऑर्लीन्सचे उदाहरण आणखी वेगळे आहे; तिथे जागाही सुटली. तेथील सिक्स फ्लॅग्ज पार्क ऑगस्ट २००५ मधील कॅटरिना चक्रीवादळानंतर पुन्हा उघडलेच नाही, पण त्यातील ‘बॅटमॅन’ हा रोलर कोस्टर उचलून टेक्सासला नेण्यात आला आणि २००८ मध्ये ‘गोलायथ’ या नावाने सुरू झाला; न्यू ऑर्लीन्सला येण्यापूर्वी तोच कोस्टर जपानमध्ये ‘गॅम्बिट’ म्हणून धावत होता. म्हणून कथा, गाडी, मार्ग, इमारत आणि जागा यांच्यासाठी वेगवेगळे रकाने आखावेत आणि प्रत्येकापुढे त्याचे काय झाले ते लिहावे. रकाना रिकामा राहिला तरी चालेल, तो अंदाजाने भरू नये.

त्यानंतर तारखा. बंद होण्याची तारीख एकच असते असे गृहीत धरल्यामुळे जितक्या चुका होतात, तितक्या बहुधा दुसऱ्या कशाने होत नसतील. न्यू जर्सीतील ‘किंग्डा का’ हा १३९ मीटर उंचीचा कोस्टर शेवटचा धावला १० नोव्हेंबर २०२४ रोजी, तो कायमचा बंद केल्याची घोषणा झाली १४ नोव्हेंबरला, आणि त्याचा मनोरा स्फोटकांनी पाडला गेला २८ फेब्रुवारी २०२५ रोजी. या तिन्ही तारखा खऱ्या आहेत, पण त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. काही राइड टप्प्याटप्प्याने बंद होतात. एपकॉटची ‘होरायझन्स’ १९९४ च्या अखेरीस थांबली, वर्षभराने पुन्हा सुरू झाली आणि जानेवारी १९९९ मध्ये कायमची बंद झाली. मॅजिक किंग्डममधील पाणबुडीची राइड सप्टेंबर १९९४ मध्ये तात्पुरती म्हणून थांबवली गेली आणि पुन्हा कधीच चालली नाही. ओहायोच्या किंग्ज आयलंडमधील ‘सन ऑफ बीस्ट’ हा लाकडी कोस्टर २००९ मध्ये थांबला, पण तो पाडला गेला २०१२ मध्ये. मधली तीन वर्षे तो प्रवाशांविना नुसता उभा होता. कोस्टरचे अभ्यासक अशा अवस्थेची स्वतंत्र नोंद ठेवतात, आणि तीच पद्धत आपणही पाळावी.

साधनांच्या बाबतीत प्रत्येक साधनाची खोड ओळखून त्याचा वापर करावा लागतो. प्रवेशद्वाराशी मिळणारा छापील नकाशा उपयुक्त खरा, परंतु तो आधीच छापलेला असतो, त्यामुळे त्यावर नाव असणे म्हणजे राइड त्या दिवशी चालू होती असे नव्हे. शिवाय तो चित्रकाराने काढलेला असतो, अंतरे मोजण्यासाठी त्याचा काही उपयोग नाही. अंतरांसाठी गूगल अर्थमधील जुनी उपग्रह छायाचित्रे पाहावीत. पार्कच्या जुन्या संकेतस्थळाची पाने इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये सापडू शकतात आणि तेथे पान कोणत्या दिवशी जतन झाले हेही दिसते. कोस्टर असल्यास १९९६ पासून चालू असलेल्या रोलर कोस्टर डेटाबेसमध्ये निर्माता, उंची, उघडण्याचे वर्ष आणि स्थलांतराचा माग एकत्र पाहता येतो. यंत्रणा समजून घ्यायची तर पेटंटची कागदपत्रे वाचावीत. मात्र पेटंटमध्ये मांडलेली प्रत्येक कल्पना प्रत्यक्षात उतरतेच असे नाही, हे ध्यानात ठेवावे.

प्रवाशांनी गाडीतून केलेले चित्रीकरण हे सर्वांत मोलाचे आणि सर्वांत फसवे साधन आहे. अंधाऱ्या इमारतीतून जाणाऱ्या राइडमध्ये जुना कॅमेरा डोळ्यांना दिसणाऱ्या निम्म्या गोष्टी गिळून टाकतो, तर रात्रीच्या चित्रणाची सोय असलेला कॅमेरा रचनाकाराने मुद्दाम काळोखात दडवलेले छत, तारा आणि पुतळ्यांची मागची बाजूही दाखवतो. यांपैकी कोणतेही एक चित्रण म्हणजे प्रवाशाचा अनुभव नव्हे. शक्य तितकी चित्रणे, निरनिराळ्या वर्षांची, शेजारी शेजारी लावून पाहावीत आणि प्रसंगांची क्रमवार यादी सेकंदांसह तयार करावी. याच चित्रणांतून राइडची क्षमताही काढता येते: दोन गाड्या सुटण्यात ३० सेकंदांचे अंतर असेल आणि एका गाडीत १६ आसने असतील, तर तासाला १२० गाड्या, म्हणजे जास्तीत जास्त १,९२० प्रवासी. हा आकडा पुढे कारणे शोधताना फार कामाला येतो.

राइडचे जुळे भावंड दुसऱ्या पार्कमध्ये चालू असेल तर ते पाहावे, पण त्यावरून थेट अनुमान काढू नये. ‘स्प्लॅश माउंटन’ ही डिस्नीची पाण्यातली राइड अमेरिकेतील, म्हणजे कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडातील, दोन्ही पार्कमध्ये २०२३ साली बंद झाली आणि टोकियोमध्ये, जिथे ती १९९२ मध्ये उघडली, ती अजूनही चालते. तरीही कॅलिफोर्नियात प्रवासी एकामागे एक बसत, तर टोकियोत ते शेजारी शेजारी बसतात. इतक्याशा फरकानेही कोणाला काय दिसले हे बदलते.

आता आठवणींकडे वळावे. माणसाला प्रश्न विचारताना उत्तर सुचवू नये. ‘तिथे तो धबधबा होता ना?’ असे विचारले की धबधबा नसला तरी आठवू लागतो. त्याऐवजी कोणत्या साली, कोणाबरोबर, कोणत्या बाजूला बसला होता, प्रथम काय ऐकू आले, असे विचारावे. दोन आठवणी एकमेकींशी जुळल्या नाहीत म्हणून लगेच एकीला खोटे ठरवणे हा उतावळेपणा आहे. फ्लोरिडाच्या ‘मिस्टर टोड’मध्ये दोन वेगळे मार्ग होते आणि त्यांवरचे प्रसंगही सारखे नव्हते, तेव्हा वेगवेगळे वर्णन करणारे दोघेही खरे बोलत असू शकतात. राइड चालवणारे आणि दुरुस्त करणारे कर्मचारी भेटले तर उत्तमच, कारण प्रवाशाला न दिसणारी बाजू त्यांनाच ठाऊक असते.

कारणांचा भाग सर्वांत शेवटी लिहावा, आणि माझ्या मते सर्वांत सावधपणे. चाहत्यांना एकच खलनायक हवा असतो: अपघात, हाव किंवा नवे व्यवस्थापन. प्रत्यक्षात जागा, देखभालीचा खर्च, तासाला होणारी प्रवाशांची संख्या आणि बदललेली सामाजिक जाणीव यांची गुंतागुंत असते. युनिव्हर्सलच्या फ्लोरिडा पार्कमधील ‘जॉज’ २ जानेवारी २०१२ रोजी बंद झाली ती मुख्यतः जागेसाठी. तेथे २०१४ मध्ये ‘डायगन अ‍ॅली’ हा हॅरी पॉटरच्या कथांवरचा विभाग उभा राहिला. पाणबुड्यांच्या राइडमध्ये प्रवाशांची चढउतार संथ होती आणि पाण्याखालील यंत्रांची देखभाल महागडी होती. ‘स्प्लॅश माउंटन’ची कथा कृष्णवर्णीयांच्या चित्रणामुळे वादग्रस्त ठरलेल्या १९४६ सालच्या चित्रपटावरून घेतलेली होती. कंपनीचे निवेदन, तत्कालीन बातमी आणि तुमचा स्वतःचा तर्क हे तीन वेगळ्या वाक्यांत लिहावेत, म्हणजे वाचकाला कोण काय म्हणते ते कळते.

उरलेल्या खुणाही नोंदवाव्यात. ‘मिस्टर टोड’च्या जागी आलेल्या ‘विनी द पू’च्या राइडमध्ये जुन्या राइडचे नायक टोड महाशय पूच्या कथेतील घुबडाला जागेचा दस्तऐवज सोपवताना दाखवलेले चित्र आहे. डिस्नीलँडमधील ‘पीपलमूव्हर’ ही संथ गाड्यांची राइड १९९५ मध्ये थांबली, पण तिचा उंचावरचा मार्ग तसाच उभा राहिला. अशा खुणा प्रवाशांसाठी खुल्या असलेल्या भागातूनच पाहाव्यात; ओस पडलेल्या पार्कचे कुंपण ओलांडणे बेकायदा तर आहेच, शिवाय गंजलेल्या जिन्यांमुळे आणि कुजलेल्या लाकडामुळे धोक्याचेही आहे.

जमवलेल्या प्रत्येक चित्राच्या आणि ध्वनिमुद्रणाच्या नावातच राइड, पार्क, वर्ष आणि देणाऱ्याची परवानगी यांचा उल्लेख ठेवावा आणि मूळ प्रत न बदलता दोन ठिकाणी जपावी. रंग उजळणे किंवा आवाज स्वच्छ करणे हे काम नकलेवरच करावे.