चिपवाल्या चावीची जोडचावी स्वस्तात करून घेताना या चुका टाळा

नवी चावी दारात फिरते, इग्निशनमध्येही फिरते. स्टार्टर नेहमीसारखा आवाज करतो, इंजिन दोन सेकंद धडधडते आणि गप्प बसते. डॅशबोर्डवर चावीच्या किंवा कुलपाच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहतो. बॅटरी, पेट्रोल, प्लग सगळे ठीक असते. गाडीने एवढेच सांगितलेले असते की पाते ओळखीचे आहे, पण चिप ओळखीची नाही.

जोडचावीत पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा इथेच. आपण ‘चावी’ म्हणतो ती खरे तर तीन वेगळ्या वस्तूंची एक मूठ असते. पाते कुलूप फिरवते. मुठीतली चिप इमोबिलायझरला, म्हणजे अनोळखी चावीने इंजिन चालू न देणाऱ्या गाडीतल्या चोरीरोधक यंत्रणेला, आपली ओळख सांगते. रिमोट असेल तर तो दरवाजे उघडतो. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. रिमोटचा सेल संपला तरी गाडी सुरू होते, कारण चिपला सेल लागतच नाही. इग्निशनच्या तोंडाभोवती तांब्याच्या तारेचे एक वेटोळे असते. ते साधारण 125 किलोहर्ट्झवर (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या चिपसाठी 134.2 किलोहर्ट्झवर) लहरी सोडते, त्यावरच चिप जागी होते आणि आपला क्रमांक किंवा कोड्याचे उत्तर परत पाठवते. पल्ला काही सेंटिमीटरचा. त्यामुळे चावी कुलपात बसलेली असतानाच हे बोलणे होते.

शेवटची चावी हरवेपर्यंत थांबणे

सगळ्यांत महागडी चूक हीच, आणि ती चावीवाल्याकडे जाण्याच्या कितीतरी आधी झालेली असते. चालू चावी हातात असेल तर काम सोपे असते. पाते तिच्यावरून कापता येते, चिपचा प्रकार तिच्यातून वाचता येतो आणि पुष्कळ गाड्यांत जुन्या चावीच्या साक्षीने नवी नोंदवता येते. एकही चावी नसेल तर गाडी ओढून न्यावी लागते किंवा चावी नोंदवणारे यंत्र गाडीपाशी आणावे लागते, इमोबिलायझरचा गुप्त पिन मिळवावा लागतो आणि काही गाड्यांत इमोबिलायझरचा डबा उघडून त्याची मेमरी वाचावी लागते. चिप तीच, रिकामी (न कापलेली, न नोंदवलेली) चावीही तीच, पण मजुरी मात्र अनेक पटींनी वाढते.

काही गाड्यांत तर चावी-चावीतही भेद असतो. टोयोटाच्या कित्येक जुन्या मॉडेलांबरोबर काळ्या मुठीची मास्टर आणि करड्या मुठीची व्हॅले (गाडी लावून देणाऱ्या माणसाकडे द्यायची) चावी येत असे. करड्या चावीने गाडी चालते, पण नवी चावी नोंदवता येत नाही. यामाहाच्या इमोबिलायझर असलेल्या मोटरसायकलींसोबत दोन काळ्या चाव्या आणि एक लाल मुठीची चावी मिळते. लाल चावी फक्त नवी नोंदणी करण्यासाठी असते, रोज वापरायची नसते. हरवायला नेमकी हीच चावी सापडते.

नव्या गाडीबरोबर चाव्यांच्या जुडग्याला धातूची किंवा प्लास्टिकची एक छोटी पट्टी असते. तिच्यावरचा क्रमांक म्हणजे पात्याच्या खाचांचा कोड. ती पट्टी गाडीत ठेवू नका आणि जुडग्यालाही लटकवू नका. घरी कागदपत्रांत ठेवा. पट्टीचा किंवा पात्याचा फोटो ग्रुपवर टाकून ‘अशी चावी कुठे मिळेल?’ असे विचारणे तर टाळाच. खाचांची खोली फोटोवरूनही मोजता येते.

गरज नसताना रिमोटवाली चावी मागणे

घरात पडून राहणारी, अडीअडचणीला लागणारी चावी हवी असेल तर तिला बटणे कशाला? साधी मूठ, आत चिप आणि कापलेले पाते एवढ्यावर दार हाताने उघडते आणि गाडी सुरू होते. रिमोटचे सर्किट, त्याची वेगळी नोंदणी आणि सेल यांचा खर्च वाचतो. स्वस्त जोडचावीचा खरा मार्ग हाच आहे, पण विकणारा तो आपणहून क्वचितच सांगतो.

रिमोट हवाच असेल तर बटणांची संख्या आणि आकार जुळला म्हणून घेऊ नका. दिसायला अगदी सारखे रिमोट 315 मेगाहर्ट्झचेही असतात आणि 433.92 चेही. जुन्या रिमोटच्या मागे किंवा आतल्या सर्किटवर छापलेली वारंवारता आणि भाग क्रमांक वाचून मगच नवा मागवा. दुसऱ्या वारंवारतेचा रिमोट कितीही वेळा नोंदवायचा प्रयत्न केला तरी गाडीला तो ऐकूच येणार नाही.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीचे गणित वेगळे आहे. तिथे साधी चिपचावी चालत नाही, स्मार्ट चावीच लागते. पण तिचा सेल संपला तरी घाबरू नका. बहुतेक गाड्यांत चावी स्टार्टच्या बटणाला टेकवून किंवा नेमून दिलेल्या खोबणीत ठेवून बटण दाबले की गाडी सुरू होते, कारण तिच्याही पोटात सेलवर न चालणारी चिप असते.

‘चिप म्हणजे चिप’ असे समजणे

चिपांची मोठी जातकुळी आहे. अगदी जुन्या चिपा ठरलेला क्रमांक सांगतात, म्हणून त्यांची नक्कल सोपी असते. नंतरच्या, 46, 48, 4डी अशा प्रकार-क्रमांकांच्या चिपा गाडीने टाकलेल्या कोड्याचे उत्तर देतात. आणखी नव्या गाड्यांत 47, 49, 4ए, 8ए अशा चिपा असतात. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांत चिप बदललेली असू शकते. म्हणून गाडीच्या नावावरून रिकामी चावी मागवू नका. चावीवाल्याकडे चिप वाचणारे छोटे यंत्र असते. मूळ चावी त्यावर धरली की प्रकार काही सेकंदांत कळतो, तो लिहून घ्या.

एवढ्यानेही भागेल असे नाही. 48 चिपेत फोक्सवॅगन गटासाठी आधीच भरलेल्या जाती आहेत: टीपी 23 फोक्सवॅगनची, टीपी 24 स्कोडाची. साधी 48 आणली तर यंत्र ती वाचते, गाडी मात्र स्वीकारत नाही. आणि दोष बिचाऱ्या यंत्राला मिळतो.

जुन्या बाजारातली वापरलेली चावी स्वस्त दिसते. पण अनेक चिपा एकदा एका गाडीशी जोडल्या गेल्या की कुलूपबंद होतात आणि दुसऱ्या गाडीत नोंदवता येत नाहीत. खास यंत्राने काही मोकळ्या करता येतात, सगळ्या नाही. विकणारा लेखी हमी देत नसेल तर नवी रिकामी चिपच घ्या.

नक्कल आणि नोंदणी यांत गल्लत

जोडचावी दोन पद्धतींनी होते. नक्कल म्हणजे जुन्या चिपेतली माहिती तशीच नव्या चिपेत उतरवणे. गाडीच्या लेखी दोन्ही चाव्या एकच. नोंदणी म्हणजे गाडीच्या मेमरीत नव्या चावीची स्वतंत्र नोंद करणे.

नक्कल बहुधा स्वस्त पडते, कारण गाडीच्या संगणकाला हात लावावा लागत नाही. टेक्सासच्या 40 बिटच्या जुन्या चिपेचे कोडे संशोधकांनी 2005 मध्येच सोडवून दाखवले होते. त्यामुळे तिची नक्कल आज बाजारात सहज होते. 46 चिपेसाठी मात्र यंत्राचा छोटा प्रोब इग्निशनजवळ धरून गाडी आणि चावीचे बोलणे पकडावे लागते. म्हणजे चावीबरोबर गाडीही न्यायला हवी. चावी खिशात टाकून गेलात तर हेलपाटा ठरलेला.

नक्कलेचा तोटा चावी हरवल्यावर कळतो. दोन्ही चाव्या गाडीला एकच वाटत असल्याने हरवलेली तेवढी बाद करता येत नाही. ती काढली तर हातातलीही मेली. चावी चोरीला गेली असेल किंवा गाडी जुनी विकत घेतली असेल तर नक्कल नकोच. सगळ्या नोंदी पुसून हातातल्या चाव्या नव्याने नोंदवा.

पुसण्याचीही एक खुबी आहे. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत नवी चावी नोंदवताना सगळ्या चाव्या एकाच बैठकीत पुन्हा नोंदवाव्या लागतात. घरी राहिलेली चावी त्या क्षणापासून निकामी. म्हणून गाडी नेताना सगळ्या चाव्या बरोबर न्या. काम झाल्यावर डॅशबोर्ड किंवा यंत्र किती चाव्या नोंदल्या आहेत तो आकडा दाखवते. तो तुमच्या हातातल्या चाव्यांपेक्षा जास्त असेल तर कुणाची तरी चावी अजून जिवंत आहे.

घरच्या घरी नोंदणी करताना सेकंद चुकणे

काही गाड्यांत यंत्राशिवाय नोंदणी होते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत हे पान आहे का, ते आधी बघा, कारण असेल तर निम्मी मजुरी तिथेच वाचते. फोर्डच्या अनेक मॉडेलांत दोन चालू चाव्या असतील तर तिसरी अशी नोंदता येते: पहिली चावी लावून इग्निशन चालू, तीन सेकंदांहून जास्त आणि दहा सेकंदांच्या आत बंद, चावी बाहेर. लगेच, दहा सेकंदांच्या आत, दुसरी चावी लावून तेच. मग तशीच चटकन नवी चावी लावून इग्निशन चालू करा आणि काही सेकंद तसेच ठेवा. सुरक्षेचा दिवा क्षणभर लागून विझला आणि गाडी सुरू झाली तर काम झाले. दिवा लुकलुकत राहिला तर अर्धा मिनिट थांबून पहिल्यापासून सुरुवात करा.

हे फसते ते तीन कारणांनी. चाव्या एकाच कडीत अडकवलेल्या असतात, त्यामुळे दुसरी चिप वेटोळ्याजवळ येऊन पहिलीच्या बोलण्यात तोंड घालते. म्हणून प्रत्येक चावी सुटी करा आणि बाकीच्या हातभर लांब ठेवा. दुसरे कारण म्हणजे ‘दोन चालू चाव्या’ म्हणून घेतलेली एक चावी दुसरीची नक्कलच असते. गाडीला एकच चावी दोनदा आली असे वाटते आणि ती नकार देते. तिसरे, मेमरी भरलेली असते. अनेक गाड्यांत आठ चाव्यांची मर्यादा असते, होंडाच्या काही मोटरसायकलींत चारच.

जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत इग्निशन दहा-दहा मिनिटे चालू ठेवण्याचे तीन फेरे करून, जुनी चावी नसतानाही नवी नोंदवता येते. त्यात आधीच्या सगळ्या चाव्या पुसल्या जातात, हे वाचल्याशिवाय सुरुवात करू नका. अर्धा तास इग्निशन चालू राहते, म्हणून आधी बॅटरी तपासा. गाडी बंद असताना 12.4 व्होल्टच्या खाली दिसत असेल तर चार्जर लावल्याशिवाय हे करू नका. यंत्राने नोंदणी करतानाही हाच नियम. मध्येच व्होल्टेज पडले तर नोंद अर्धवट राहते.

पिन अंदाजाने टाकू नका. ठरावीक चुकीच्या प्रयत्नांनंतर इमोबिलायझर स्वतःला बंद करून घेतो आणि पुढच्या प्रयत्नासाठी इग्निशन चालू ठेवून वाट बघायला लावतो. काही गाड्यांत ही वाट दर चुकीला वाढत जाते.

मूठ बदलताना चिप जुन्या मुठीतच राहणे

मूठ तडकली, बटणाचे रबर फाटले की लोक नवे कवच मागवतात. ही चांगली काटकसर आहे. जुने कवच उघडून सर्किट आणि सेल नव्यात बसवतात, जुने कवच कचऱ्यात जाते, आणि गाडी सुरू होत नाही. कारण चिप पुष्कळदा सर्किटवर नसतेच. कवचाच्या एका कोपऱ्यात, वेगळ्या खाचेत, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी काचेची नळी किंवा शेंगदाण्याएवढा काळा चौकोनी तुकडा डिंकाने चिकटवलेला असतो. तोच चिप. कुणाला तो प्लास्टिकचाच भाग वाटतो.

काढताना पक्कड लावू नका, काचेची नळी चट्कन फुटते. हेअर ड्रायरने तो कोपरा कोमट करा, डिंक मऊ झाला की बोथट टोकाने खालून उचला. नव्या कवचात त्याच जागी, त्याच दिशेने बसवा आणि सिलिकॉनचा एक थेंब लावा. जुने कवच आठवडाभर तरी फेकू नका.

आधी पाते कापणे, मग विचार करणे

कापलेली रिकामी चावी दुकानदार परत घेत नाही. त्यामुळे क्रम असा ठेवा: चिप वाचणे, पात्याची जात जुळवणे, रिकामी चावी गाडीला मान्य आहे याची खात्री आणि शेवटी कापणे. नोंदणी आधी आणि पाते नंतर असेही करता येते. न कापलेली चावी इग्निशनच्या तोंडाशी टेकवून धरायची आणि जुन्या चावीचे पाते मुठीपासून वेगळे काढता येत असेल तर मूठ लांब ठेवून त्या पात्याने इग्निशन फिरवायचे.

झिजलेल्या चावीवरून नक्कल केली तर झीजही उतरते. दहा वर्षे वापरलेल्या चावीची प्रत पहिल्या दिवसापासून अडखळते. मूळ जोडीतली कमी वापरलेली चावी द्या, किंवा पट्टीवरच्या कोडवरून कापून घ्या. बाजूच्या कडेवर खाचा असलेले पाते आणि मधोमध नागमोडी खोबण कोरलेले पाते यांची यंत्रे वेगळी असतात. दुसऱ्या प्रकारचे यंत्र नसलेल्या माणसाकडून ‘जमवून देतो’ असे ऐकू आले तर चावी परत घ्या.

चालत नाही तेव्हा कुठे बघायचे

चावी दारात फिरत नाही: दोष पात्यात. कापताना कडेला राहिलेली धातूची खरखर बोटाला लागते का बघा, बारीक कानशीचा एक हात पुरतो. त्याहून जास्त घासू नका.

चावी फिरते, दिवा लुकलुकतो, गाडी सुरू होत नाही: जुन्या चावीची मूठ नव्या चावीच्या मुठीला चिकटवून धरा आणि नव्या चावीने सुरू करा. गाडी सुरू झाली तर पाते ठीक, चिप चुकीची किंवा न नोंदलेली. जुनी चावीही चालेनाशी झाली असेल तर दोष चावीत नाही. इग्निशनचे वेटोळे, त्याची जोडणी, फ्यूज किंवा गाडीची बॅटरी बघा.

गाडी कधी सुरू होते, कधी नाही: जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपचावी किंवा मुठीवर आडवी पडणारी लोखंडी कडी आहे का? एकटी चावी लावून बघा. मुठीत चिप सैल होऊन हलत असेल तरी हेच होते. कानाशी धरून हलवली की बारीक खुळखुळते.

पैसे देण्याआधी दुकानातच नव्या चावीने सलग पाच-सहा वेळा गाडी सुरू करा आणि प्रत्येक वेळी निदान दहा सेकंद चालू ठेवा, कारण काही इमोबिलायझर दोन-तीन सेकंदांनंतरच इंधन तोडतात. मग दरवाजे, डिकी, पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडून बघा. शेवटी जुनी चावी लावा. नवी चावी करताना जुनी पुसली गेली, हे घरी गेल्यावर कळण्यापेक्षा तिथेच कळलेले बरे.