रोटावेटर जोडताना: नव्या ड्रायव्हरसाठी

वापसा आला, म्हणजे ओली जमीन मशागतीजोगी झाली, की गावात प्रत्येकाला रोटावेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) आजच हवा असतो. घाईचे हेच दिवस जपायचे. रानात ट्रॅक्टर चालवण्यापेक्षा अवजार जोडतानाच धोका जास्त, असं माझं मत आहे.

आपल्याकडची पद्धत अशी: ड्रायव्हर मागे घेतो आणि दुसरा माणूस अवजाराजवळ उभा राहून, लिफ्टचा हात (ट्रॅक्टरमागचा, अवजार उचलणारा दांडा) धरून, 'ये, ये, अजून जरा' म्हणत असतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोराला मी पहिल्याच दिवशी सांगतो, चाक फिरतंय तोवर मधे कुणीही नको. क्लचवरचा पाय जरा सटकला तरी मधल्या माणसाला पळायला जागा नसते. मदतनीस बाजूला, तुम्हाला दिसेल असा उभा करा. लो गिअरमध्ये हळू मागे या, लिफ्टचे हात पिनांच्या समोर आले की थांबा. न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन बंद, चावी खिशात. मगच खाली उतरा.

आधी लिफ्टचा डावा हात जोडा. बहुतेक ट्रॅक्टरांत उजव्या हाताला वरखाली करायचं हँडल असतं, त्यामुळे उरलेला फरक तिथे काढता येतो. टॉप लिंक, म्हणजे मधला वरचा दांडा, त्यानंतर, फिरवून लांबी जुळवत. पिन घट्ट बसली पाहिजे. खालच्या हातांच्या पिना साधारण 22 किंवा 28 मिमीच्या असतात. 28 च्या भोकात 22 ची पिन खुळखुळते, तिथे बुश घाला. लिंच पिनेच्या (पिन निसटू नये म्हणून तिच्या टोकाला लावायच्या छोट्या पिनेच्या) जागी खिळा किंवा तार कधीच नको. शेवटी बाजूच्या चेन आवळा, म्हणजे रोटावेटर डुलून टायरला लागत नाही.

पीटीओ शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा, सर्वांत शेवटी. 540 आरपीएम म्हणजे मिनिटाला 540, सेकंदाला 9 फेरे. उपरण्याचं टोक, ओढणी, पदर, सैल बाही गुंडाळली गेली तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. म्हणून शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर आणि त्याची साखळी काढून टाकू नका. ग्रीस भरायला अडचण होते म्हणून लोक ते काढतात, आणि ते पाहून मला खरंच वाईट वाटतं. शाफ्ट बसवल्यावर मागे ओढून बघा, लॉक खाचेत बसला असेल तर तो निसटत नाही. अवजार दुसऱ्या ट्रॅक्टरला लावताना लिफ्ट सावकाश वरखाली करून लांबी तपासा. शाफ्ट लांब असेल तर आतली नळी टेकते आणि बेअरिंगवर जोर येतो. आखूड असेल तर दोन्ही नळ्या सुटतात.

ट्रॉली नेहमी खालच्या हुकालाच. टॉप लिंकच्या जागेवर ओढ आली तर पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटू शकतो.

सोडताना सपाट, घट्ट जागा बघा. अवजार जमिनीवर पूर्ण टेकवा, इंजिन बंद करा, आधी शाफ्ट काढा, मग टॉप लिंक, मग खालचे हात. उचललेल्या रोटावेटरखाली पात्यांत अडकलेलं गवत काढायला नुसत्या लिफ्टच्या भरवशावर वाकू नका, खाली लाकडी ओंडके लावा.