बुंदलाला जायचंय? आधी रंकाळ्यावर बसा

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरचं बुंदला, म्हणजे त्या देशाचं पहिलं रामसर क्षेत्र, जगात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा (1990). जाण्याआधी मी महिनाभर रोज सकाळी सहाला कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर पक्षी बघत बसत होतो. तुम्हीही बसा.

ऊन पाठीशी घ्या, नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतात. रंग नंतर बघा, आधी चोच आणि पाय. शेकाट्याचे गुलाबी पाय इतके लांब, की छोटे तुतवार काठाशी घुटमळतात तेव्हा हा आत खोलात चालत असतो. टिबुकलीनं बुडी मारली की मनात आकडे मोजा. ती भलतीकडंच वर येते. नजर फिरवायची सवय अशी लागते.

हीच सवय बुंदलात कामी येते. चमचा पक्षी चोच पाण्यात डावी-उजवी फिरवतो, चित्रबलाक अर्धवट उघडी ठेवून माशाची वाट बघतो, आणि रोहित (फ्लेमिंगो) डोकं चक्क उलटं करून पाणी गाळतो. लांबून ओळखायला एवढं पुरे.

सप्टेंबर ते मार्चमध्येच जा, उत्तरेकडचे पाहुणे तेव्हा असतात. रोहित मात्र दिसतीलच असं धरू नका. मलाला आणि एंबिलिकला या खाजणांत कालव्यावर भिजणाऱ्या शेतीतलं गोडं पाणी उतरलं, खारटपणा घटला, त्यांचं खाणंही.

दुर्बीण 8×42 (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) बास. मी हौसेनं जड घेतली, तिसऱ्या दिवशी मान धरली. आणि पांढरा शर्ट नको, बगळे आधी उडतात!