जुन्या लॅपटॉपचं वायफाय मंदावलंय? या चुका टाळा

वडोदऱ्यात आमच्या दांडिया बाजारात कुणाचं नेट रडायला लागलं की मला हाक येते. आणि मी पोचेपर्यंत बहुतेकांनी पैसे घालवलेले असतात.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे लॅपटॉपकडे न बघता मोठा प्लॅन घेणं. शेजारच्या काकांनी 40 एमबीपीएसचा प्लॅन सोडून 200चा घेतला. लॅपटॉपवर स्पीड तोच, 35. "अरे, फसवलं बघ मला," म्हणाले. फसवलं कुणीच नव्हतं. त्यांच्या लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड एका अँटेनाचं, वायफायच्या फक्त एका पट्ट्यावर म्हणजे 2.4 गिगाहर्ट्‌झवर चालणारं. 20 मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या चॅनेलवर, म्हणजे पट्ट्यातल्या एका मार्गिकेवर, ते राऊटरशी फार तर 72 एमबीपीएसने जोडलं जातं आणि त्यातला साधारण निम्माच वेग हाती लागतो. वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लिंक स्पीड' लिहिलेला असतो. मी तो बघितल्याशिवाय दुसरं काही करत नाही. मग राऊटरला केबल लावून बघतो. केबलवर नेट पळत असेल तर कंपनीला फोन करू नका. फक्त काही जुन्या लॅपटॉपचं केबलचं पोर्टच 100 एमबीपीएसचं असतं, हे ध्यानात ठेवा.

दुसरी चूक माझ्याच लॅपटॉपवर घडली, आणि तिने माझे दोन रविवार खाल्ले. बिजागरी तुटली म्हणून दुरुस्तीला दिला होता. परत आल्यावर राऊटरशेजारी बसूनही दोनच दांड्या. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, काढून पुन्हा घातला, शेवटी विंडोजसुद्धा नव्याने टाकलं. काही फरक नाही. मग मागचं झाकण उघडलं. वायफाय कार्डावर दोन बारीक वायरी बसतात, काळी आणि पांढरी. त्या बिजागरीतून स्क्रीनच्या कडेला असलेल्या अँटेनापर्यंत जातात. पांढरी जागेवर होती. काळी पंख्याशेजारी नुसती लोंबत होती. बॅटरीची पिन काढली, वायरीचं टोक सरळ वरून अंगठ्याने दाबलं, टक् आवाज आला आणि सिग्नल भरला. ती टोकं फार नाजूक असतात, स्क्रू-ड्रायव्हरने रेटू नका. दुरुस्तीनंतर वायफाय बिघडलं असेल तर संशय आधी या वायरींवर घ्या. उठसूट फॉरमॅट मारणाऱ्यांचा मला खरंच राग येतो; डेटा जातो आणि दोष तसाच राहतो.

राऊटर लोखंडी कपाटावर ठेवू नका. राऊटरच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये टीकेआयपी ही जुनी सुरक्षा पद्धत असेल तर तिथे डब्ल्यूपीए2-एईएस ही नवी निवडा, नाहीतर कार्ड 54 एमबीपीएसच्या वर जातच नाही. बॅटरीवर चालवताना वायरलेसचं पॉवर सेव्हिंग बंद ठेवा. यूएसबी 3ची हार्ड डिस्क वायफायच्या डोंगलला (यूएसबीत खोचायच्या छोट्या वायफाय कार्डाला) खेटून लावू नका, तिचा गोंधळ 2.4वर पडतो. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' देणारी सॉफ्टवेअरं मी कुणालाच घेऊ देत नाही. ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरूनच घ्या.

आमच्या पोळांमध्ये, म्हणजे जुन्या गल्ल्यांच्या वस्त्यांमध्ये, भिंतीला भिंत लागून घरं, त्यामुळे 2.4वर राऊटरांची नुसती गर्दी. चॅनेल 1, 6 किंवा 11 यांतला मोकळा असेल तो निवडा, मधले घेतलेत तर दोन्हीकडचा त्रास ओढवून घ्याल. त्यापेक्षा 5 गिगाहर्ट्‌झ पकडणारं डोंगल बरं, मात्र वाड्याच्या जाड विटांच्या भिंतीपलीकडे 5चा जोर लगेच ओसरतो. काकांना तेच डोंगल लावून दिलं. राऊटर दिवाणखान्यात आहे, तिथे आता 150 मिळतात. माजघरात बसले की मी त्यांना 2.4वरच ठेवतो.