लोणारची तयारी: दोन पिशव्या करा

नागपुरातून लोणारच्या सरोवराला निघायचं म्हटलं की आमच्याकडे सगळी तयारी गाडीची होते. डिक्कीत काय मावेल, पुढे कोण बसेल, कोणाला गाडी लागते. समृद्धी महामार्ग झाल्यापासून रस्त्याचं फारसं काही उरलेलं नाही. मेहकरला उतरायचं, तिथून थोडंसं आत, चार-साडेचार तासांत पोचता. कस लागतो तो पोचल्यावर. काठावरून फोटो काढून परत फिरायचं असेल तर पाण्याची एक बाटली पुरे. खाली उतरणार असाल तर विवर सुमारे दीडशे मीटर खोल आहे आणि जे खाली न्याल ते स्वतःच वर आणायचं आहे. म्हणून पिशव्या दोन, एक डिक्कीतली आणि एक पाठीवरची.

आधी तारीख पक्की करा. डिसेंबर-जानेवारी उत्तम, एप्रिल-मेमध्ये त्या वाडग्यात वारा शिरत नाही आणि माणूस भाजून निघतो. जोडून सिंदखेडराजा करायचं असेल तर १२ जानेवारी टाळा किंवा मुद्दाम तीच निवडा, जिजाऊंचा जन्मदिवस असतो, गर्दी लोटते. राहायला पर्यटन महामंडळाचं निवास आहे. खोली घरूनच ठरवून निघा, लोणार लहान गाव आहे.

गाडीचं एकच बघायचं, टायर. सिमेंटचा रस्ता आणि तासन्‌तास एकच वेग, त्यात झिजलेले किंवा बाजूला भेगा पडलेले टायर चालत नाहीत. हवा आदल्या दिवशी भरा, स्टेपनीतलीही. मागच्या वेळी स्टेपनीच बसलेली निघाली, हे कळलं तिची गरज पडल्यावर. मर्यादा १२० ची आहे, पण ती गाठलीच पाहिजे असं नाही. सरळ रस्त्यावर डोळे उघडे ठेवूनही झोप येते, तेव्हा चालवणारे दोघं असू द्या. भाच्याला बुलेट काढायची होती. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, हे त्याला हिंगण्याच्या बाजूला पोचण्याआधीच सांगितलेलं बरं.

आता पाठीवरची पिशवी. चपला नाहीत, बूट. वाटेत दगड आहेत आणि वेड्या बाभळीचे काटे चपलेच्या तळातून सरळ वर येतात. माणशी दीड लिटर पाणी. सरोवराचं पाणी खारं आणि अल्कधर्मी, सामू (pH) दहाच्या आसपास, पिण्याचा प्रश्नच नाही. टोप्या, लांब बाह्यांचे कपडे, गुळ-शेंगदाणे. खाण्याची पिशवी हातात लोंबकळत नेऊ नका, माकडं आपल्यापेक्षा हुशार आहेत.

मुलांसाठी दोन गोष्टी घरीच करा, खर्च शून्य. पांढरा कागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा आणि पट्ट्या कापा. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो ना, तेच. सरोवराच्या पाण्यात पट्टी बुडवली की विटकरी लाल होते. दुसरी पट्टी वर गोमुखाच्या गोड्या पाण्याच्या धारेत बुडवा आणि फरक त्यांनाच सांगू द्या. काठाचा चिखल फसवा आहे, तेव्हा पट्टी मोठ्यांनी बुडवावी, आणि तीही वनरक्षकांना विचारून. दुसरी वस्तू म्हणजे दोरा बांधलेलं लोहचुंबक. इथला काळा खडक बेसाल्ट, त्यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं; वाटेवरच्या मातीत चुंबक फिरवलं की काळे कण चिकटून येतात. चिकटलेलं तिथंच झटका. जागा अभयारण्य आहे, दगड खिशात घालून आणायचा नाही.

मुलं प्रश्न विचारतील, उत्तरं तयार ठेवा. उल्का आदळून झालेला खड्डा, व्यास सुमारे १.८ किलोमीटर, आणि बेसाल्टमध्ये असं विवर दुर्मीळ. वय विचारलं की सावध राहा. कोणी ५० हजार वर्षं सांगेल, नंतरच्या मोजणीत ५ लाख ७० हजार निघाली. आमच्या आईंचा प्रश्न वेगळाच होता, ‘पाणी गुलाबी दिसंल ना?’ नाही दिसणार. तो रंग जून २०२० मधला, मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे आलेला. विषय उच्च न्यायालयाच्या आपल्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला होता. एरवी पाणी हिरवट असतं. गुलाबीचं आश्वासन देऊन कोणाला नेऊ नका, दिवसभर ऐकावं लागतं.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी वेगळा बेत आधीच ठरवा, ऐन काठावर नको. ‘मी पण येते हळूहळू’ हे वाक्य उतरताना खरं असतं, चढताना नाही. खाली कमळजादेवीचं देऊळ आहे म्हणून आई हट्ट धरतील. त्यांना गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळात न्या. गाडी जवळ जाते, सावली आहे, आणि कोरीवकाम असं की दोन तास कमी पडतात. आत अंधार असतो, चांगली टॉर्च लागते. मोबाइलचा उजेड छतापर्यंत पोचत नाही. उतरणाऱ्यांनी सकाळी लवकर उतरावं, म्हणजे चढ उन्हाआधी संपतो.

जेवणाचं म्हणाल तर दशम्या, तिळाची चटणी आणि कोरडं पिठलं. सांबारवडी (आमच्याकडची कोथिंबीरवडी) घ्यायचा मोह होईल, पण ती निघताना कुरकुरीत असते, मेहकर येईतो मऊ पडते. गाडीतच वर्ध्याच्या आधी संपवा. संत्री मात्र भरपूर घ्या आणि ती पाठीवरच्या पिशवीत. चढाच्या मध्यावर बसून संत्रं सोलायला मिळालं की कुरकुर थांबते. सालींसाठी एक रिकामी थैली त्याच पिशवीत, वरच्या खणात.